प्रभागाचे वर्ष: पुण्यातल्या नागरिकांच्या अर्थसंकल्पाची पार्श्वभूमी

पुणे महापालिका पावसाळ्याच्या सुमारास नागरिकांकडून एक अर्ज मागवते. पुढच्या आर्थिक वर्षात तुमच्या भागात कोणते काम व्हावे, ते लिहून द्या, असा त्याचा साधा आशय. काम ५ लाख रुपयांच्या आत बसले पाहिजे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. अलीकडे तो संगणकावरूनही भरता येतो. उखडलेला पदपथ, बंद पथदिवे, तुंबणारे पावसाळी गटार, बसथांब्यावर छप्पर, वस्तीतल्या शौचालयाची दुरुस्ती असली कामे त्यात असतात. हजारो कोटींच्या अर्थसंकल्पात ही रक्कम नगण्य आहे. तरीही शहरातल्या माणसाला स्वतःच्या गल्लीतल्या खर्चाविषयी कागदावर, सही करून काही मागता येते अशी ही जवळपास एकमेव जागा आहे. ती कशी तयार झाली, तिला कायद्याचा आधार किती आणि इतक्या वर्षांनंतरही ती इतकी अरुंद का राहिली, हे समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

आधी अर्जाचा प्रवास पाहू, कारण बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात. समजा, शाळेजवळचा पदपथ फुटला आहे आणि मुले रस्त्यावरून चालतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात गेला की कनिष्ठ अभियंता जागा पाहतो. पहिला प्रश्न जागेच्या मालकीचा. पदपथ सोसायटीच्या हद्दीत निघाला तर अर्ज तिथेच संपतो, कारण खासगी जागेवर पालिकेचा पैसा खर्च करता येत नाही. मग प्रश्न खात्याचा. रस्ता मोठा असेल तर तो पथ विभागाकडे, दिवा असेल तर विद्युत विभागाकडे, गटार असेल तर मलनिस्सारण विभागाकडे. क्षेत्रीय कार्यालयाच्या हातात त्यातले थोडेच. त्यानंतर अंदाजपत्रक. पदपथाच्या खालचे चेंबर वर घ्यायचे असेल, राडारोडा उचलायचा असेल, तर आकडा ५ लाखांच्या वर जायला वेळ लागत नाही. या सगळ्यातून तरलेले काम प्रभाग समितीपुढे जाते. तिने मान्य केले की ते आयुक्तांच्या अंदाजपत्रकात येते. आयुक्त ते जानेवारीच्या सुमारास स्थायी समितीला सादर करतात, स्थायी समिती आपल्या दुरुस्त्यांसह मुख्य सभेपुढे ठेवते आणि १ एप्रिलपासून ते लागू होते. म्हणजे पावसाळ्यात मागितलेल्या पदपथाची निविदा निघेपर्यंत पुढचा पावसाळा दारात असतो. अनेक कामे मग दिवाळीनंतर सुरू होतात आणि ३१ मार्चच्या आत बिले निघावीत म्हणून घाईने उरकली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरभर एकदम पेव्हिंग ब्लॉक बसताना दिसतात, त्यामागे हे वेळापत्रक आहे.

शिवाय अर्थसंकल्पात नाव आले म्हणजे काम झाले असे नाही. पालिकेच्या भाषेत ‘वर्गीकरण’ नावाचा एक प्रकार आहे: एका कामासाठी ठेवलेला पैसा वर्षाच्या मध्यात ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवणे. नागरिकांनी सुचवलेली छोटी कामे त्यात सहज बळी पडतात, कारण त्यांच्या बाजूने सभागृहात बोलणारे कुणी नसते. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी वेगळी असते आणि तिच्यामागे तो नगरसेवक उभा असतो. अर्जदाराला आपले काम कोणत्या टप्प्यावर अडकले हे माहितीच्या अधिकारात विचारावे लागते. अर्ज मागवण्याइतकीच तत्परता त्याचे उत्तर कळवण्यात दिसली असती, तर या योजनेवर लोकांचा विश्वास कितीतरी पटींनी वाढला असता.

आता मागे. पुण्यात नगरपालिका १८५७ मध्ये आली. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात तिचे नियुक्त सदस्य होते. त्या काळातला एक प्रसंग या विषयाशी थेट जोडलेला आहे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. फुल्यांनी त्याला विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्तावाच्या विरोधात ते एकटे होते. पालिकेचा पैसा कुणासाठी, हा प्रश्न पुण्याच्या सभागृहात पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे विचारला गेला तो बहुधा तेव्हा. दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला दिशा मिळाली आणि निवडून आलेल्या सदस्यांचे प्रमाण वाढत गेले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये महापालिका झाली.

या सगळ्या काळात एक गोष्ट कायम राहिली. मत देणारा नागरिक आणि निर्णय घेणारे सभागृह यांच्यामध्ये दुसरे काहीही नव्हते. गावात निदान ग्रामसभा होती, कायद्याने होती. शहरात पाच वर्षांतून एकदा मतदान, आणि मधल्या काळात नगरसेवकाच्या कार्यालयाबाहेरची रांग.

१९९२ च्या डिसेंबरमध्ये संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती एकत्रच मंजूर केली. या दोन दुरुस्त्या शेजारी ठेवून वाचल्या की फरक डोळ्यांत भरतो. ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांसाठी अनुच्छेद २४३-एस मध्ये प्रभाग समित्या सांगितल्या, त्याही ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतच. आणि या समित्या मतदारांच्या नव्हत्या, त्या भागातल्या नगरसेवकांच्या होत्या. गावाला सभा मिळाली, शहराला समिती. महाराष्ट्रातल्या गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. प्रभाग समितीची सभा कधी होते, हे पुण्यातल्या किती सुशिक्षित घरांना सांगता येईल?

महाराष्ट्राने या समित्यांत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद केली. हेतू चांगला होता. पण ते प्रतिनिधी नेमायचे कुणी, तर नगरसेवकांनीच. मग अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहिल्या किंवा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. मुंबईत २४ प्रशासकीय विभागांसाठी १६ प्रभाग समित्या २००० मध्ये कामाला लागल्या. घटनादुरुस्ती लागू झाल्यानंतर सात वर्षांनी.

कायदा असा रेंगाळत असताना रस्त्यावर मात्र दोन वेगळ्या वाटा तयार होत होत्या, आणि माझ्या मते पुण्याच्या प्रयोगाची खरी मुळे तिथे आहेत.

पहिली वाट दंगलीतून आली. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तिथे गेलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या समित्या उभ्या केल्या. दंगल झाल्यावर शांतता समिती बोलवायची, ही जुनी पद्धत. खोपड्यांनी समित्या आधीच बसवल्या आणि त्यांत प्रतिष्ठितांऐवजी यंत्रमाग कामगार, छोटे दुकानदार, रिक्षावाले अशी माणसे घेतली. बैठकांत धर्माइतकाच पाण्याचा, नळाचा, भाडेकरूचा विषय निघे, कारण भांडणे सुरू व्हायची तीही तिथूनच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. शेजाऱ्यांनी नियमाने एकत्र बसावे, समोर सरकारी अधिकारी असावा आणि विषय रोजच्या जगण्याचे असावेत, ही घडी तिथे बसली. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयांत होणाऱ्या बैठकांनाही पुढे ‘मोहल्ला कमिटी’ हेच नाव रूढ झाले, ते उगीच नाही.

दुसरी वाट कचऱ्यातून आली. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात ओला-सुका कचरा वेगळा करायला आणि ओल्याचे खत करायला सुरुवात केली. मुंबई महापालिकेने तो धागा पकडून १९९७ च्या सुमारास एएलएम, म्हणजे ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, ही योजना आणली. एक रस्ता किंवा साधारण हजार माणसांची वस्ती हे तिचे एकक. रहिवाशांनी समिती नोंदवायची, कचरा जागेवर जिरवायचा, रस्त्याची निगा राखायची. त्या बदल्यात पालिकेच्या विभाग कार्यालयात एक अधिकारी त्यांच्याशी थेट बोलायला नेमलेला. पाहता पाहता शेकडो समित्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे नावापुरत्या उरल्या. ज्या टिकल्या, त्या कचऱ्यावरून फेरीवाले, पार्किंग, झाडे, मैदाने, विकास आराखडा इथपर्यंत पोचल्या. २००७ च्या निवडणुकीत जुहू परिसरातून ॲडॉल्फ डिसूझा हे ‘नागरिकांचे उमेदवार’ म्हणून पक्षाविना निवडून आले, ते याच वातावरणात.

या प्रयोगांची एक मर्यादा लपवता येत नाही. एएलएम इमारतींच्या मुंबईची होती. झोपडपट्टीसाठी ‘दत्तक वस्ती योजना’ हे वेगळे नाव आणि वेगळी व्यवस्था होती. इमारतीतल्या माणसाला नियोजनात भागीदार मानले गेले आणि वस्तीतल्या माणसाकडून मुख्यतः सफाईची अपेक्षा ठेवली गेली. ही दुफळी पुढे पुण्याच्या अर्जातही उतरली. अर्ज भरायला वेळ, कार्यालयाची ओळख आणि कागद टिकवून ठेवायची सवय लागते. ती ज्यांच्याकडे असते त्यांचेच अर्ज जास्त येतात.

पुण्याने नागरिकांच्या अर्थसंकल्पाचा प्रयोग २००६ मध्ये सुरू केला. नितीन करीर तेव्हा आयुक्त होते. कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली. तिथे १९८९ पासून वस्त्यांच्या सभा भरत, लोक कामांचा क्रम लावत आणि शहराच्या भांडवली खर्चाचा भाग त्या क्रमाने ठरे. भारतात बंगळूरमध्ये प्रभागातली कामे नागरिकांनी सुचवण्याचा प्रयत्न त्याआधी झाला होता. केरळने तर १७ ऑगस्ट १९९६ ला लोकनियोजन मोहीम सुरू करून राज्याच्या योजना-निधीतला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला होता, शहरांसह. पुण्याची उडी त्यामानाने लहान होती, पण ती निवडून आलेल्या सभागृहाने नव्हे, प्रशासनाने मारली होती, आणि हे ध्यानात ठेवायला हवे.

पहिल्या वर्षी क्षेत्रीय कार्यालयांत बैठका झाल्या. स्वयंसेवी संस्थांनी त्या घडवून आणायला मदत केली. लोक समोरासमोर बसले, एकमेकांची कामे ऐकली. पोर्तो अलेग्रेचा जीव ज्यात होता, तो भाग हाच. आपल्या सोसायटीसमोरच्या दिव्यापेक्षा पलीकडच्या वस्तीतले शौचालय अधिक निकडीचे आहे, हे माणसाला अर्ज भरताना कळत नाही. समोर बसलेल्या बाईने सांगितले की कळते. पुढच्या वर्षांत बैठका मागे पडल्या आणि अर्ज उरला. प्रत्येकाने आपली मागणी एकट्याने लिहायची, एकट्याने द्यायची. लोकसहभाग याचा अर्थ हळूहळू सूचनापेटी असा झाला. यादीत बाके आणि नामफलक वाढले ते याच कारणाने, असे मला वाटते. ती कामे स्वस्त असतात, जागेचा वाद नसतो, नगरसेवकाची हरकत नसते आणि ५ लाखांत नक्की बसतात.

तरीही ही योजना मेली नाही. आयुक्त आले आणि गेले, सभागृहातली सत्ता बदलली, पण अर्ज दर वर्षी निघत राहिला. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात ही प्रथा इतकी वर्षे टिकलेली मला दिसत नाही. अर्ज उशिरा निघाला की ओरड करणारे, अर्थसंकल्पाचे जाडजूड पुस्तक उघडून त्यात आपल्या प्रभागाची कामे शोधणारे आणि गायब झालेल्या कामांचा पाठपुरावा करणारे नागरिक पुण्यात आहेत, आणि ही प्रथा जिवंत ठेवण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे आहे.

मधल्या काळात कायद्यानेही एक संधी दिली होती. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून, म्हणजे जेएनएनयूआरएममधून, पैसा हवा असेल तर राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा, अशी अट होती. योजना डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभा’ आणली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्या भागातले सगळे मतदार तिचे सदस्य, आणि सभा बोलावण्याची जबाबदारी नगरसेवकाची. कागदावर ही शहरातली ग्रामसभाच होती. भागाच्या गरजा सांगायच्या, कामांचा प्राधान्यक्रम लावायचा, योजनांचे लाभार्थी सुचवायचे.

ती जवळजवळ कुठेच भरली नाही. कायदा अनुदानासाठी केला गेला होता. अनुदान मिळाले, निकड संपली. क्षेत्रांच्या हद्दी ठरवण्याचे काम रेंगाळले, नगरसेवकांनी विषय काढला नाही, प्रशासनाने आठवण करून दिली नाही. पुण्यात काही नागरिक संघटनांनी क्षेत्रसभा न घेणाऱ्या नगरसेवकांवर कारवाईची मागणी लावून धरली, एवढाच काय तो आवाज. याच सुमारास गावांकडे काय चालले होते? २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायती वार्षिक विकास आराखडे बनवू लागल्या. त्यांतही कमी-जास्त आहेच, पण ग्रामसभेपुढे आराखडा ठेवावा लागतो हे तिथे गृहीत आहे.

शहरातली अडचण आणखी एका कारणाने वाढली: प्रभाग स्वतःच जागेवर राहत नाही. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ मध्ये एक सदस्य, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. दर निवडणुकीला हद्दी नव्या, नगरसेवक नवे, कधी क्षेत्रीय कार्यालयही बदललेले. २०१७ च्या रचनेत ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती, म्हणजे एका प्रभागात सरासरी ७५ हजारांहून अधिक माणसे. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिका याहून लहान आहेत. एवढ्या लोकसंख्येला ‘आपला भाग’ कसे म्हणायचे? आणि चौघांपैकी कुणाला जाब विचारायचा? एक म्हणतो तो भाग माझ्याकडे नाही, दुसरा म्हणतो निधी त्याने घेतला. चार सदस्यांचा प्रभाग राजकीय पक्षांच्या सोयीचा असेल. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन वर्षाचे नियोजन करण्यासाठी तो अगदीच बेढब आहे.

मग मार्च २०२२ आला. पुणे महापालिकेची मुदत संपली, आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या. राज्यभर मुदत संपलेल्या महापालिकांवर प्रशासक बसले. आयुक्तच प्रशासक, तेच स्थायी समिती, तेच मुख्य सभा. प्रभाग समित्या आपोआप संपल्या. नागरिकांचे अर्ज या काळातही मागवले गेले, पण त्यांवर निर्णय घेणारे निवडून आलेले कुणीच नव्हते. नगरसेवकांच्या ‘स’ यादीचा अडसर नसल्यामुळे नागरिकांच्या कामांना मोकळी वाट मिळेल, असे काहींना वाटले होते. प्रत्यक्षात गल्लीतल्या तक्रारी थेट क्षेत्रीय कार्यालयावर कोसळल्या. नगरसेवकावर आपण कितीही टीका केली, तरी रात्री फोन उचलणारा, ड्रेनेजचा माणूस पाठवणारा तोच होता, हे त्या काळात लोकांना जाणवले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि १५ जानेवारी २०२६ ला पुण्या-मुंबईसह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. प्रभाग पुन्हा चार सदस्यांचे. मुंबईत मात्र पूर्वीप्रमाणेच एकेक.

आता नव्या सभागृहाबरोबर प्रभाग समित्या परत येतात, आणि त्यांच्याबरोबर तीन जुनी कामे. समितीवरचे स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी कोणत्या निकषावर निवडले, हे जाहीर व्हायला हवे. क्षेत्रसभांच्या हद्दी मतदान केंद्रांच्या यादीवरून ठरवता येतात. ती यादी नुकत्याच झालेल्या निवडणुकीमुळे ताजी आणि तयार आहे. आणि नागरिकांच्या अर्जांची छाननी टेबलावर न होता एका उघड्या बैठकीत व्हावी, जशी ती २००६ मध्ये काही आठवडे झाली होती. नाकारलेल्या प्रत्येक अर्जापुढे कारण लिहिलेले असावे आणि मान्य झालेल्या कामाचा पैसा वर्गीकरणाने हलवायचा असेल, तर आधी अर्जदाराला कळवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, आणि बाकीचे सभागृहाने ठराव केला तरी पुरेसे आहे. पुढच्या आर्थिक वर्षाचे अर्ज निघण्यापूर्वी तो ठराव आपल्या प्रभागातल्या चौघांनी मांडावा, ही मागणी घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जायला आजपासूनच हरकत नाही.